बाळाच्या कातडीच्या आजाराला नाव मिळवायचे कसे?

या पानावर आपण बहुतेक वेळा ताप, जुलाब, रक्तक्षय अशा घरोघरच्या आजारांवर बोलतो. या वेळचा विषय क्वचित आढळणाऱ्या आजाराचा आहे. काही बाळे जन्मतःच वेगळी कातडी घेऊन येतात. ज्या घरी असे बाळ जन्मते, तिथल्या आईला दोन प्रश्न छळतात : ‘बाळाला झालंय तरी काय?’ आणि ‘माझं काय चुकलं?’ दुसऱ्याचे उत्तर आधीच देतो. तुमचे काहीही चुकलेले नाही. पहिल्याचे उत्तर कसे मिळवायचे, ते खाली सांगतो.

कशाला घाबरायचे, कशाला नाही

दिवस वर जाऊन जन्मलेल्या बाळाची कातडी पहिल्या आठवड्यात हातापायांवर सोलते. नाकावर पांढरे दाणे असतात, पाठीवर-कुल्ल्यांवर निळसर डाग असतात. हे सगळे साधे आहे, औषध लागत नाही. मात्र पुढीलपैकी एक जरी खूण दिसली, तरी त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा :

• बाळ चकचकीत, ताणलेल्या पापुद्र्यात गुंडाळल्यासारखे जन्मले आहे. पापण्या किंवा ओठ बाहेर वळले आहेत.
• कपडा किंवा चिकटपट्टी घासली की तिथे पाण्याचा फोड येतो किंवा कातडी सुटते.
• तळहात-तळपायांवर फोड आहेत.
• कातडीच्या त्रासाबरोबर बाळ दूध ओढत नाही, सुस्त आहे, अंग गार किंवा तापलेले आहे, पू किंवा वास येतो आहे.

दोन आजारांची ओळख

पापुद्र्यात जन्मलेल्या बाळाला डॉक्टर ‘कोलोडियन बेबी’ म्हणतात. हा पापुद्रा साधारण दोन ते चार आठवड्यांत गळतो. काही बाळांची कातडी पुढे जवळजवळ नेहमीसारखी होते, पण बहुतेकांना ‘इक्थिओसिस’ असतो. यात माशाच्या खवल्यांसारखी कातडी होते, म्हणून मराठीत त्याला मत्स्यत्वचा म्हणतात. याचा सौम्य प्रकार साधारण अडीचशे माणसांत एकाला असतो. थंडीत नडग्यांवर खवले दिसतात, एवढेच. सर्वांत तीव्र प्रकार हार्लेक्विन इक्थिओसिस. जून २०१६ मध्ये नागपूरच्या लता मंगेशकर रुग्णालयात असे बाळ जन्मले आणि दोन दिवसांत गेले. त्याचे फोटो मात्र जगभर फिरले. आपल्या वस्तीत असे बाळ जन्मले, तर फोटो डॉक्टरांना दाखवण्यासाठी काढा, मोबाइलच्या ग्रुपवर टाकण्यासाठी नको.

दुसरा आजार ‘एपिडर्मोलायसिस बुलोसा’. यात कातडीचे थर एकमेकांना नीट धरून राहत नाहीत, म्हणून नुसत्या घासण्याने फोड येतात.

हे दोन्ही आजार जन्मजात आहेत आणि कुणालाही लागत नाहीत. बाळाला जवळ घ्या, अंगावर पाजा, लसी वेळेवर द्या. सगळ्यांनी टाकलेल्या आजारी भिक्खूला बुद्धांनी स्वतः धुऊन स्वच्छ केले, ही कथा आपण विहारात ऐकतो. ती अशाच वेळी आठवायची असते.

नाव कळून काय फायदा?

‘बरा होणार नसेल तर नाव कळून काय करायचं?’ असे घरातले विचारतात. फायदे तीन आहेत. पहिला, फोडांमागे प्रत्येक वेळी जनुकीय आजारच नसतो. जंतुसंसर्ग असेल तर तो औषधाने बरा होतो. आईला सिफिलिस असेल तर बाळाच्या तळहात-तळपायांवर फोड येऊ शकतात, आणि त्यावर पेनिसिलिन हे चांगले औषध आहे. निदानच झाले नाही, तर बरे होणारे बाळही हातचे जाते. दुसरा, प्रकार कळला की पुढे डोळे, कान, वाढ यांतले काय जपायचे ते कळते. तिसरा फायदा पुढच्या बाळंतपणाचा आहे. त्याबद्दल खाली लिहिले आहे.

वाट कशी धरायची?

१. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. बाळाला पूर्ण उघडे करून दाखवा, लाजू नका. पण वरची खूण दिसली असेल तर त्यांची वाट पाहू नका.

२. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय. सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील रुग्णालय आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. बालरोग आणि त्वचारोग अशा दोन्ही विभागांत दाखवा. एका वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात उपचार, औषधे, तपासण्या आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. तातडीला १०८ ला फोन करा.

३. बाळ मोठे असेल तर अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला.

४. इथे निदान झाले नाही, तर पुण्याच्या ससूनला किंवा मुंबईच्या केईएम रुग्णालयाला चिठ्ठी मागा. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात केईएम हे एक केंद्र आहे. धोरणातली पैशांची मदत यादीतल्या आजारांनाच मिळते. म्हणून मदतीची खात्री धरून जाऊ नका. निदान आणि जनुकीय सल्ला मागा.

एक फाइल करा. तिच्यात बाळंतपणाचा कागद, आईच्या तपासण्या आणि नात्यात कुणाला असा त्रास होता का, ते लिहून ठेवा. दिवसाच्या उजेडात काढलेले, तारीख असलेले फोटोही ठेवा.

‘कातडीचा आजार आहे’ एवढ्यावर केसपेपर घेऊन उठू नका. विचारा : कोणत्या आजाराचा संशय आहे, तो कागदावर लिहाल का? कातडीचा बारीक तुकडा तपासायचा का? रक्ताची जनुकीय तपासणी लागेल का, कुठे होईल? पुढच्या वेळी कधी यायचे? मोठे डॉक्टर क्वचितच दिसणारा आजार पाहून पुस्तक उघडतात, त्यात कमीपणा नाही. तसा विचारण्यात आपलाही नाही.

घरी काय करावे, काय टाळावे

पापुद्रा किंवा खवले ओढू नका. डाळीच्या पिठाने चोळून अंघोळ, शेक-शेगडी, धुरी बंद. कोमट पाण्याने अंघोळ घाला, अंग टिपून घ्या आणि ओलसर असतानाच साधे व्हॅसलीन लावा. दिवसातून अनेकदा लावा. फोडांच्या आजारात काळा दोरा, करदोटा, मनगट्या काढून ठेवा. त्यांच्या घासण्यानेच फोड येतात. कपडे उलटे घाला, म्हणजे शिवण आतून टोचत नाही.

मेडिकलमधून विचारून आणलेले मलम बाळाला लावू नका. स्टेरॉइडची मिश्र मलमे कातडी पातळ करतात. खवले घालवणारे सॅलिसिलिक आम्लाचे मलम अशा बाळाच्या कातडीतून रक्तात उतरून विषबाधा करू शकते.

खवले असलेल्या मुलांना घाम नीट येत नाही. माण, खटाव, जत, आटपाडीच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात अंग तापते. दुपारी सावलीत ठेवा, ओल्या फडक्याने पुसा, मोठ्या मुलाला वारंवार पाणी द्या.

दोष कुणाचाच नाही

‘ग्रहणात भाजी चिरली’, ‘करणी केली’, ‘मागच्या जन्मीचं’ असे म्हणून देवऋषीकडे नेले जाते, सुनेला माहेरी धाडले जाते. कारण शरीरातले आहे. प्रत्येक जनुकाची जोडी असते, एक आईकडून, एक वडिलांकडून. या आजारांच्या अनेक प्रकारांत दोघांकडेही एकेक बिघडलेले जनुक असते; दोघेही निरोगी असतात, त्यामुळे ते कळत नाही. अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक असते. बिघाड नेमका कोणता हे कळले असेल, तर पुढच्या वेळी साधारण ११ ते १३ आठवड्यांत गर्भाची तपासणी करता येते. म्हणून पुन्हा दिवस जाण्याआधी सल्ला घ्या.

मामाच्या मुलीशी लग्न आपल्या भागात अजून होते. नात्यातल्या दोघांकडे एकच बिघाड असण्याची शक्यता जास्त असते. जातीच्या आत लग्न हा जातीचा पाया आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ च्या निबंधात मांडले. लग्नाचे वर्तुळ मोठे करणे आरोग्याच्याही फायद्याचे आहे.

देवऋषी अघोरी उपाय सांगत असेल, दवाखान्यात जाऊ देत नसेल, तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यासाठी साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर झटले. त्याची तक्रार पोलीस ठाण्यात करता येते.

वस्तीत अशी आई असेल तर तिला एकटीला मिरजेला पाठवू नका. महिला मंडळातली एक जण तिच्याबरोबर फाइल घेऊन जा.