देव रागावतो तो कुणावर?

दारव्हा

चि. बाळ,


जुन्या करारातल्या रागीट देवाला भजायचं कसं, असं तू विचारलंस. देव किती रागावतो हे मोजण्याआधी तो कुणावर रागावतो ते बघ. निर्गमाचा २२वा अध्याय काढ. परक्याला छळू नका, विधवेला नि पोरक्याला गांजू नका. त्यांनी मला हाक मारली तर माझा राग भडकेल, असं देव तिथे बजावतो. त्याला लागूनच सांगतो, गरिबाकडून व्याज घेऊ नका आणि त्याचं पांघरूण गहाण घेतलंत तर दिवस मावळायच्या आत परत करा, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याजवळ दुसरं काही नाही. कर्जापायी घरं बसलेल्या आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हा अध्याय उलगडून सांगावा लागू नये. अशी हाक ऐकूनही ज्याला राग येत नाही, त्याच्या प्रेमावर मी तरी भरवसा ठेवणार नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू नि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं; त्यांच्या निधनानंतर १९२४ साली ते प्रसिद्ध झालं. त्याचे खिळे जुळवले ते केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये आसरा घेतलेल्या बायांनी. देव ज्यांची बाजू घेऊन रागावतो, त्यांच्याच हातून ती पानं छापली गेली.

देवाच्या भयाचंही तसंच. इब्री बायांना मुलगा झाला की मारून टाका, असा हुकूम फारोने शिप्रा आणि पुवा या सुइणींना दिला. त्या देवाला भ्यायल्या, म्हणून राजाला भ्यायल्या नाहीत, पोरं वाचली. या भयाने माणूस दबत नाही, ताठ उभा राहतो. देवाचाच धाक घालून कुणी लेकरांना गप्प बसवत असेल, तर तो शास्त्राच्या उलट चालला आहे.

तू उज्जाचं नाव काढशील. कराराचा कोश सावरायला त्याने हात लावला नि तो जागीच मेला. तिथे माझं वरचं उत्तर पुरत नाही, हे खरं. पण त्या दिवशी खुद्द दावीद राजा चिडला, घाबरला आणि शास्त्राने ते झाकलं नाही. म्हणजे तुझा प्रश्न विचारणं पाप नव्हे. शिवाय योनाही बघ. निनवेचे लोक पस्तावले, देवाने राग सोडला. संदेष्टाच तेवढा रुसून बसला.

निर्गमाचा १ला नि २२वा अध्याय आणि योनाचे चार अध्याय सलग वाच, मग पुन्हा लिही.

तुझा मामा