गाण्यातला शेवटचा शब्द बाळाचा!

मूल बोलायला उशीर करते म्हणून घरची मंडळी काळजी करतात आणि त्याच्या हाती गाण्यांचा मोबाइल देतात. मूल रमते खरे. पण मोबाइल त्याच्या उत्तरासाठी थांबत नाही. आजी थांबते!

बडबडगीतात ठेका असतो, यमक पुन:पुन्हा येते. त्यामुळे पुढे कोणता शब्द येणार, हे बाळाला आधीच उमजते. याचाच उपयोग करावा. बाळाला मांडीवर समोरासमोर बसवा, तुमचे ओठ त्याला दिसू द्या. चांदोबाचे किंवा चिऊकाऊचे एकच गाणे आठवडाभर रोज म्हणा. मग ओळीतला शेवटचा शब्द गाळून मनात पाच आकडे मोजा. बाळ नुसते 'ऊ' म्हणाले तरी चालेल. पूर्ण शब्द आपण आनंदाने म्हणून दाखवावा. चुकले म्हणून हसू नये. घरात अहिराणी, मालवणी बोलत असाल, तर गाणेही त्याच बोलीतले घ्या.

मात्र दोन वर्षांचे मूल 'आई, पाणी' असे दोन शब्द जोडत नसेल, तर 'याचा बापही उशिराच बोलला' म्हणून थांबू नका. पाठीमागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर वय कितीही असो, कानांची तपासणी लगेच करावी. बाळ झोपेत असतानाही ती करता येते.