कागदाला नंबर द्यावा तो कसा?

प्रश्न : भोसरीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. आयएसओ ९००१ची तयारी चालू आहे. एक सहकारी म्हणतात, कागदपत्रांचे नंबर कलमांप्रमाणेच हवेत. दुसरे म्हणतात, नंबरातच विभाग, वर्ष, रिव्हिजन सगळं दिसलं पाहिजे. नियम नक्की काय आहे?

उत्तर : नियम तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच सैल आहे. २०१५च्या आवृत्तीतलं कलम ७.५.२ कागदाला योग्य ओळख हवी एवढंच सांगतं. शीर्षक, तारीख, लेखक, संदर्भ क्रमांक ही त्यात दिलेली नुसती उदाहरणं आहेत. त्यामुळे अमुक पद्धतीचा नंबर नाही म्हणून ऑडिटर एनसी (त्रुटीची नोंद) काढू शकत नाही. मात्र तुम्हीच लिहून ठेवलेली पद्धत तुम्ही पाळली नाहीत, तर नक्की काढेल! म्हणून पद्धत पाळता येईल इतकी सोपी ठेवा.

आता कलमांचं. खरेदीचं कलम १९९४ साली ४.६ होतं, २०००मध्ये ७.४ झालं आणि २०१५मध्ये ८.४. खरेदीचं काम तेच राहिलं, पण ज्यांनी कलमावरून नंबर दिले होते त्यांना दोनदा सगळं बदलावं लागलं, नाहीतर जुने निरर्थक आकडे वागवावे लागले. विभागांचंही तसंच. आज स्टोअरकडे असलेला तपासणीचा फॉरमॅट उद्या क्वालिटीकडे गेला की नंबरातला ‘स्टोअर’ खोटा ठरतो.

ग्रंथालयात पुस्तकावर दोन आकडे असतात ते आठवा. वर्गांक विषय सांगतो, आणि विषयाची मांडणी बदलली तर तोही बदलतो. दाखल क्रमांक काहीच सांगत नाही, म्हणून तो बदलावा लागत नाही. तुम्हाला हवा आहे तो दाखल क्रमांक. विभाग, कलम, वर्ष ही माहिती मास्टर लिस्टच्या, म्हणजे सगळ्या कागदांच्या यादीच्या, रकान्यांत लिहा. एक्सेलमध्ये हवी तशी गाळून पाहता येते.

माझं मत विचाराल तर कागदाचा प्रकार आणि ओळीनं येणारा आकडा, एवढंच पुरे : वर्क इन्स्ट्रक्शनला डब्ल्यूआय-०१७, फॉरमॅटला एफ-०४२. पुढची शून्यं सोडू नका. ती नसली तर संगणकाच्या फोल्डरच्या यादीत १० हा २च्या आधी येऊन बसू शकतो.

रिव्हिजन नंबरात मुळीच गुंफू नका. एफ-०४२चा उल्लेख पाच वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये असेल, तर फॉरमॅटमध्ये एक रकाना वाढवल्यावर त्या पाचही सुधाराव्या लागतील. रिव्हिजन पानाच्या शीर्षपट्टीत आणि मास्टर लिस्टमध्ये असू द्या. मशीनपाशी लावलेली प्रत चालू आहे की जुनी, हे त्यावरूनच कळतं, आणि ऑडिटरला खरा रस त्यात असतो.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. कोऱ्या फॉरमॅटचा नंबर वेगळा आणि भरलेल्या नोंदीची ओळख वेगळी. रोजच्या तपासणीच्या शीटला रोज नवा डॉक्युमेंट नंबर लागत नाही. तारीख आणि बॅच नंबर असला की ती शोधता येते. रद्द झालेला नंबर मात्र दुसऱ्या कागदाला कधीच देऊ नका. जुन्या फायलीतल्या नोंदी मग भलत्याच कागदाकडे बोट दाखवतात.

आधीचे जे फॉरमॅट कामगारांच्या तोंडी बसले आहेत, त्यांचे नंबर तसेच राहू द्या. ते मास्टर लिस्टमध्ये चढवा आणि नवी पद्धत पुढच्या नव्या कागदापासून सुरू करा.