आधी शब्द, मग साद : साइडचेन डिले लावण्याची कृती

गाण्याच्या आवाजावर डिले लावला की आवाजाला खोली येते, पण तितक्याच लवकर शब्द पुसट होऊ लागतात. भावगीतात ही अडचण दुहेरी. मागच्या शब्दाची साद पुढच्या शब्दावर येऊन पडते. शिवाय गायिका मींडेने कोमल निषादावरून षड्जावर येते, तेव्हा मागे रेंगाळलेला निषाद त्या षड्जाला खटकतो. यावर उपाय एकच : गाणे चालू असेपर्यंत साद दाबून धरायची आणि श्वासाच्या जागेत मोकळी सोडायची. डेन्मार्कच्या टीसी इलेक्ट्रॉनिकने 1985 मध्ये आणलेल्या 2290 या डिले यंत्रात ही सोय आतच होती. आज कुठल्याही सॉफ्टवेअरमधल्या साध्या डिले आणि कॉम्प्रेसरवर ती घरी जमवता येते.

साहित्य

स्वच्छ केलेला व्होकल ट्रॅक, एक डिले, एक ईक्यू, बाहेरून साइडचेन घेणारा कॉम्प्रेसर आणि चांगला हेडफोन.

कृती

1. डिलेसाठी वेगळा ट्रॅक घ्या आणि व्होकलवरून त्याला सेंड द्या. डिलेचा वेट 100 टक्के, ड्राय शून्य. मूळ आवाज त्याच्या स्वतःच्या ट्रॅकवरून येतोच आहे.

2. वेळ मोजा. 60,000 ला लयीच्या बीपीएमने भागले की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. 80 च्या लयीत मात्रा 750, अर्धी मात्रा 375 आणि पाऊण मात्रा 562.5. संथ गाण्याला मी पाऊण मात्रा घेतो, कारण पहिली साद तबल्याच्या ठोक्यावर न आदळता दोन ठोक्यांच्या मधे पडते. क्लिकशिवाय ध्वनिमुद्रण झाले असेल तर लय सरकते. धृपद आणि अंतरा यांची लय वेगवेगळी मोजा.

3. फीडबॅक 25 ते 30 टक्के ठेवा. दोन-तीन आवर्तनांत साद विरून जाते.

4. डिलेनंतर ईक्यू लावा. 250 हर्ट्झच्या खालचे आणि 5 किलोहर्ट्झच्या वरचे कापा. खालची घुमघुम जाते आणि ‘स’, ‘श’, ‘च’ यांची चरचर परत परत ऐकू येत नाही.

5. कॉम्प्रेसर सगळ्यात शेवटी. हा क्रम चुकवू नका. तो डिलेच्या आधी आला तर डिलेत शिरणारा आवाजच दाबला जातो आणि आधीच निघालेल्या सादा तशाच वाजत राहतात.

6. आता व्होकलवरून दुसरा सेंड कॉम्प्रेसरच्या साइडचेनला द्या. तो फेडरच्या आधीचा असू द्या, म्हणजे मिक्समध्ये आवाज कमीजास्त केला तरी कॉम्प्रेसरचे काम बदलत नाही. रीपरमध्ये हा सेंड 3/4 चॅनेलवर पाठवून रीआकॉम्पच्या डिटेक्टरमध्ये ऑक्झिलरी इनपुट निवडा. लॉजिकमध्ये साइडचेनची यादी कॉम्प्रेसरच्या खिडकीत वर उजवीकडे असते. एबलटनमध्ये कॉम्प्रेसरचा छोटा त्रिकोण उघडला की ती दिसते.

7. रेशो 4:1, अटॅक 5 ते 10 मिलिसेकंद. गाणे चालू असताना साद 8 ते 10 डेसिबलने खाली जाईल इतका थ्रेशोल्ड उतरवा. ती पूर्ण गप्प करू नका. आवाजाच्या मागे तिची पुसट सावली राहिली की खोली टिकते. थ्रेशोल्ड श्वासाच्या आवाजाच्या वर मात्र असायलाच हवा. नाहीतर गायिकेचा श्वासच साद दाबेल आणि सगळी मेहनत वाया जाईल.

8. रिलीज 250 मिलिसेकंदांवर ठेवून ऐकायला बसा. या कृतीचा जीव इथे आहे, म्हणून घाई नको. रिलीज फार आखूड असेल तर ‘चित्त’सारख्या शब्दातल्या क्षणभराच्या अडथळ्यातही साद उसळते आणि ओळ धापा टाकते. फार लांब असेल तर साद वर येईपर्यंत पुढची ओळ सुरू झालेली असते. गाण्यातली सगळ्यात छोटी श्वासाची जागा शोधा आणि तिथे साद सहज उमलेल असा रिलीज ठरवा.

9. डिलेचा ट्रॅक एकटा वाजवून पाहा. ओळ चालू असताना साद मंद आणि ओळ संपताच भरून येणारी असेल, तर जोडणी बरोबर आहे.

एक खबरदारी

गायिका आणि तबलजी एकाच खोलीत बसले असतील तर व्होकलच्या माइकमध्ये तबला उतरतो आणि प्रत्येक थापेला साद दचकते. डिटेक्टरच्या फिल्टरने 300 हर्ट्झच्या खालचे काढा. डग्ग्याचा त्रास बराच कमी होतो. चाटीचे बोल तरीही टोचत असतील तर व्होकलची एक प्रत काढा, तिच्यातल्या गाणे नसलेल्या जागा कापा आणि तीच प्रत साइडचेनला द्या. ही प्रत ऐकणाऱ्यापर्यंत जाऊ देऊ नका.

शेवटची चाचणी

हे गाणे कधीच न ऐकलेल्या माणसाला एकदा ऐकवा आणि पहिल्या अंतऱ्याचे शब्द कागदावर लिहायला सांगा. एखादा शब्द अडला तर डिलेची पातळी दोन डेसिबलने उतरवा आणि दुसऱ्या कुणाला तरी ऐकवा. कवीने निवडलेला प्रत्येक शब्द कागदावर उतरला की मिक्स पुढे पाठवायला हरकत नाही.