पाऊस तेवढाच, पण पडतो कसा?



“पाऊस तर वर्षाचा भरला, मग ऊस पिवळा का पडला?” असे पुष्कळ सभासद विचारतात. उत्तर पावसाच्या बेरजेत नाही. तो किती तासांत पडला, यात आहे.

नागपूरचेच बघा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे सुमारे चार तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी घरांत शिरले, माणसे दगावली. हवामान खाते २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मि.मी. पाऊस झाला तर त्याला ‘मुसळधार’ म्हणते. १०० मि.मी. याच पायरीत बसतो. तो दिवसभर रिपरिपत पडला असता तर नाल्यांना एवढा भार झाला नसता.

पूर पूर्वीही आले. ३० जुलै १९९१ चा आपल्याच जिल्ह्यातला मोवाडचा पूर कोण विसरेल? म्हणून प्रत्येक पुराचे खापर तापमानावर फोडता येत नाही. बुजलेले नालेही कारणीभूत असतात. परंतु मध्य भारतातील १९५० ते २०१५ च्या नोंदी तपासल्या, तेव्हा मोठ्या टापूवर एकाच वेळी होणारी अतिवृष्टी सुमारे तिपटीने वाढल्याचे दिसले. एकूण मोसमी पाऊस मात्र वाढला नव्हता. कारण सोपे आहे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. बरसते तेव्हा तेवढेच जोरात ओतते. मधले दिवस कोरडे जातात.

आता वावराचा हिशेब करू. एका एकरावर १ मि.मी. पाऊस म्हणजे सुमारे ४ हजार लिटर पाणी. १०० मि.मी. म्हणजे ४ लाख लिटर! आपली काळी जमीन कोरडी असताना भेगांतून भराभर पाणी पिते. पण एकदा फुगली की भेगा मिटतात आणि पाणी वरच साचते. मुळांना हवा मिळत नाही, नत्र वाया जाते, पाने पिवळी पडतात. ऊस लोळला तर उताराही घटतो.

तेव्हा एवढे करावे :

१. मृगाच्या आधी उताराच्या बाजूने चर काढावेत, जुने साफ करावेत. चराचे तोंड नाल्याला मिळालेच पाहिजे.

२. मोठी बांधणी पावसाआधी उरकावी. भर लागलेला ऊस सहज लोळत नाही आणि सरीतून पाणी निघून जाते.

३. जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर युरिया टाकू नये. पाणी उतरून वाफसा आल्यावरच द्यावा.

४. पाणी तुंबलेल्या किंवा लाल कूज दिसलेल्या वावरातले बेणे घेऊ नये.

५. सरळ काठाचा डबा उघड्यावर ठेवून रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजावे. पाऊस किती वाजता लागला, किती वाजता थांबला, हेही वहीत लिहावे. दोन-तीन वर्षांची अशी वही चर किती मोठा हवा ते सांगेल.

शेवटची गोष्ट नाजूक आहे. वरच्या वावराचे पाणी खालच्याच्या धुऱ्यावर येते आणि भांडण लागते. एकट्याच्या चराने कोणाचेच भागत नाही. म्हणून नाल्यालगतच्या सभासदांनी मे महिन्यातच एकत्र बसून शिवाराचा एकच चर ठरवावा. ऊस आपण एका गव्हाणीत घालतो, मग पाणी एका वाटेने का काढू नये?