सम्राट पेंग्विन

पृथ्वीच्या दक्षिण टोकाला अंटार्क्टिका हे हिमाच्छादित खंड आहे. हिवाळ्यात तेथे सूर्यदर्शन दुर्लभ होते, झंझावात सुटतो आणि पारा उणे ४० अंशांच्याही खाली उतरतो. सम्राट पेंग्विन हे पक्षी याच ऋतूत आपला संसार थाटतात.

ते घरटे बांधीत नाहीत. किनाऱ्यालगतचा गोठलेला समुद्र हीच त्यांची भूमी. मे-जूनच्या सुमारास मादी एकच अंडे घालते, ते नराच्या स्वाधीन करते आणि अन्नासाठी दूर समुद्राकडे जाते. नर ते अंडे पायांवर घेऊन पोटाच्या कातडीच्या घडीखाली जपतो. सुमारे दोन महिने तो अन्नाचा कणही न घेता अंडे उबवतो. थंडीपासून बचाव व्हावा म्हणून शेकडो नर एकमेकांना बिलगून उभे राहतात. कडेचे हळूहळू आत सरकतात, आतले कडेला येतात. अशा रीतीने ऊब सर्वांच्या वाट्याला येते.

अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाच्या अंगावर मऊ लव असते. ती पाण्यात भिजते. पाण्याला दाद न देणारी पिसे डिसेंबरच्या सुमारास येतात. तोपर्यंत पायांखालचा बर्फ टिकलाच पाहिजे. नाहीतर पिल्लू बुडते किंवा गारठून मरते.

शास्त्रज्ञ उपग्रहांच्या छायाचित्रांवरून या पक्ष्यांच्या वसाहती ओळखतात. शुभ्र बर्फावर विष्ठेचे तपकिरी डाग त्यांत स्पष्ट दिसतात. २०२२ साली बेलिंग्सहाउझेन समुद्रातील पाच वसाहतींपैकी चार वसाहतींचा बर्फ पिल्लांना पिसे येण्यापूर्वीच फुटला आणि ते डागही नाहीसे झाले. तेथील बहुधा एकही पिल्लू वाचले नसावे.

कोळसा व खनिज तेल जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड वायू वाढतो. तो उष्णता कोंडून धरतो. त्यामुळे समुद्रही तापत आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये अंटार्क्टिकाभोवतालचा समुद्री बर्फ तोवरच्या उपग्रह-नोंदींत सर्वांत कमी आढळला.

एखाद्या ठिकाणचा बर्फ फुटल्यास सम्राट पेंग्विन दुसरी जागा शोधतात. परंतु सर्वत्रच बर्फ लवकर फुटू लागला, तर त्यांनी कोठे जावे? उपासमार आणि कडाका सोसून अंडे जपणे, एवढे त्या पित्याच्या हाती आहे. समुद्र थंड राखणे हे मनुष्याचे काम आहे.