ई-मेल सर्वांना, पण पत्ते झाकलेले: 'बीसीसी' शिकूया



आधी माझीच चूक सांगते. मागे हप्ता थकलेल्या सात गटांना मी आठवणीचा ई-मेल केला आणि सातही पत्ते एकाच ओळीत टाकले. झालं! कोणाकोणाचा हप्ता राहिलाय ते सगळ्यांना कळलं. एक ताई म्हणाल्या, "मॅडम, हप्ता आम्ही भरणारच होतो, पण चारचौघींत गटाचं नाव गेलं ना!" त्यांचं खरं होतं. म्हणून हा धडा.

ई-मेलमध्ये पत्त्यांचे तीन रकाने असतात.

१. टू: आपल्या अर्जातलं 'प्रति'. पत्र ज्यांना लिहिलं, त्यांचा पत्ता. सर्वांना दिसतो.

२. सीसी: कार्बन कॉपी. पावती पुस्तकात कार्बन घालून दुसरी प्रत काढतो ना, तसंच. माहितीसाठी प्रत. हाही पत्ता सर्वांना दिसतो.

३. बीसीसी: प्रत जाते, पण पत्ता इतरांना दिसत नाही. व्हॉट्सअॅपचा ग्रुप म्हणजे सीसी आणि ब्रॉडकास्ट लिस्ट म्हणजे बीसीसी, असं लक्षात ठेवा.

हे होतं कसं? ई-मेलच्या २००८ सालच्या नियमावलीत याच्या पद्धती दिल्या आहेत. साधी पद्धत अशी: पत्र पोचवायला प्रोग्रॅम सगळे पत्ते वापरतो, पण पत्रावरची बीसीसीची ओळ काढून टाकतो. पोस्टमनला पत्ता कळतो, वाचणारीला नाही.

करून बघा: जीमेलमध्ये नवीन मेल उघडा. 'टू'मध्ये स्वतःचा पत्ता लिहा. शेजारचा छोटा बाण दाबला की बीसीसी दिसेल. सगळ्या गटांचे पत्ते तिथे टाका.

दोन गोष्टी सांभाळा:

• बीसीसी फक्त पत्ते झाकतं, मजकूर नाही. थकबाकीची यादी जोडली तर सगळं उघडंच! थकीत हप्त्याचं प्रत्येक गटाला वेगळंच लिहा.

• आलेल्या मेलमध्ये 'टू' किंवा 'सीसी'त तुमचा पत्ता नसेल, तर तो बहुतेक बीसीसीने आलाय. त्याला 'रिप्लाय ऑल' करू नका. केलं तर तुम्हालाही प्रत होती हे बाकीच्यांना कळतं. खरं तर अशा वेळी प्रोग्रॅमनेच आधी विचारायला हवं, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

पुणतांब्याच्या पुढच्या मासिक बैठकीला मोबाइल चार्ज करून आणा. प्रत्येक गटाच्या सचिव ताईंनी एक मेल बीसीसीने पाठवून दाखवायचा. पहिला मी पाठवते, या वेळी नीट!